माहीत नसल्याचे प्रतिज्ञापत्र

मुलगी अठरा वर्षांची होणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा समजला जात नाही. घरोघरी मुली अठरा वर्षांच्या होतात. कोणी फोटो काढतं, कोणी नवे कपडे घेतं, एखादा मामा डोक्यावर हात ठेवून ‘आता शहाण्यासारखं वाग’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. परंतु नैतिक सुधारणा कार्यालयात ज्या मुलीबाबत अर्ज आला होता, तिची बाब निराळी होती. येत्या एकवीस तारखेला ती अठरा पूर्ण करणार होती, आणि त्या सकाळी तिने आईने केलेला चहा प्यायला तर कलम आठनुसार ती शिक्षेस पात्र होणार होती.

कलम आठ समजायला सोपं आहे. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या कमाईवर पूर्णतः अथवा अंशतः जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती गुन्हेगार. हे कलम दलालांसाठी केलं होतं. दलालांनी ते नीट वाचलं, चांगले वकील नेमले आणि ते आपल्या कामाला लागले. कलम मात्र तसंच उभं राहिलं. सरकारी कलम रिकामं बसू शकत नाही. त्याला कोणीतरी लागतं.

एरवी हा कायदा फार उदार होता. बाईने शरीर विकणं हा त्यात गुन्हा नव्हता. फक्त त्यासाठी जागा असणं, ती भाड्याने घेणं, त्या जागेत दुसरी बाई असणं, खिडकीत उभं राहणं, रस्त्यावर उभं राहणं आणि आलेल्या पैशातून कोणाला जेवू घालणं, एवढेच गुन्हे होते. थोडक्यात, पोहायला मोकळीक होती, फक्त पाण्याला अंग लावायचं नव्हतं.

अर्जदार बाई बाजारामागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायची म्हणून तिला सगळे ‘वरची’ म्हणत. लेक परिचारिकेचं शिक्षण घेत होती आणि त्याचं दीड वर्ष उरलं होतं. लेकीवर गुन्हा नोंदला गेला की परिचारिका म्हणून नोंदणी कायमची बंद, हा नियम महाविद्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. मुलीला वसतिगृहात ठेवावं, तर वसतिगृहाची फी आईच्याच कमाईतून जाणार. उपाशी ठेवावं, तर पोट काही कायदा वाचत नाही. हे कलम वरचीला कळलं तेही कार्यालयानेच वाटलेल्या ‘आपले हक्क ओळखा’ या पत्रकातून. लेकीने ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. हक्क चार ओळींत संपले. उरलेल्या पानावर शिक्षा होत्या.

वरची कार्यालयात गेली. टेबलामागे एक कारकून बसला होता. तो भूमापन खात्यातून नुकताच बदलून आला होता, म्हणून त्याला कार्यालयात ‘मोजणीदार’ हेच नाव पडलं होतं.

“काय काम आहे, बाई?”

“पोरीच्या चहाचं.”

मोजणीदाराने अर्ज वाचला, मग कलम वाचलं, मग पुन्हा अर्ज. भूमापन खात्यात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला घाई ठाऊक नसते.

“चहा तिनं स्वतः केला तर?” त्याने विचारलं.

“पत्ती माझी आहे.”

“पत्ती तिनं आणली तर?”

“कशानं आणेल? ती शिकतेय अजून.”

“खरं आहे,” मोजणीदार म्हणाला. “बाई, तुमचं काम माझ्या हातातलं नाही. कायद्याचा विचार करायला समिती बसलेली आहे. तिच्याकडे पाठवतो.”

“कधीपासून बसलीय?”

“सात वर्षं.”

“मग उठायची वेळ झाली असेल,” वरची म्हणाली.

समितीला त्या महिन्यात अशाच एका बाईची फार गरज होती. अहवालात ‘बाधित व्यक्तीचे म्हणणे ऐकले’ असं एक वाक्य घालणं बंधनकारक असल्याचं सातव्या वर्षी कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. आजवर बाधित व्यक्तीला बोलावलं नव्हतं, कारण तिला बोलावणं म्हणजे तिला उत्तेजन देणं, असं एका गटाचं मत होतं. न बोलावणं म्हणजे तिचा अपमान करणं, असं दुसऱ्या गटाचं मत होतं. दोन्ही मतांचा आदर राखून, ज्या दिवशी ती स्वतःहून येईल त्या दिवशी तिला खुर्ची द्यायची असं ठरलेलं होतं. खुर्ची द्यायची की बाक, यावर एक बैठक वेगळी झाली होती.

शेवटी बाकावर एकमत झालं होतं. वरची बाकावर बसली.

समोर चौघे होते. मध्ये अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. त्यांना कुठलंच मत नव्हतं, म्हणूनच त्यांना अध्यक्ष केलं होतं. उजवीकडे सदाचार मंडळाचे चिटणीस, ज्यांचं म्हणणं होतं की हा धंदा समूळ बंद करावा. डावीकडे प्राध्यापक, ज्यांचं म्हणणं होतं की धंद्याला परवाना द्यावा आणि तपासणी ठेवावी. त्यांच्या शेजारी समाजसेविका बाई, ज्यांचं म्हणणं होतं की विकणारी निर्दोष, घेणारा आणि सभोवतालचे सगळे दोषी. तिघांचं सात वर्षांत एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं. चहा बिनसाखरेचा यावा.

“बोला,” अध्यक्ष म्हणाले.

“मला फार बोलायचं नाही, साहेब. एकवीस तारखेला पोरीला चहा द्यायचा की नाही, एवढं सांगा. दीड वर्ष तिला माझ्या घरी जेवू द्या. मग ती नोकरीला लागेल आणि मलाच घालेल खायला. तेव्हा कुठलं कलम लागतं ते बघू.”

“प्रश्न चहाचा नाही,” चिटणीस म्हणाले. “प्रश्न समाजाच्या चारित्र्याचा आहे. तुम्ही हे आजच सोडा. म्हणजे कमाई नाही, आणि कमाई नाही म्हणजे गुन्हा नाही.”

“सोडते. पोरीची फी तुमचं मंडळ भरणार?”

“मंडळाच्या घटनेत शिक्षण बसत नाही. फक्त चारित्र्य बसतं.”

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. “माझ्या प्रस्तावित आराखड्यात तुमची अडचण सहज सुटते. तुम्ही परवाना घ्यायचा.”

“मग पोरगी जेवू शकेल?”

“जेवू शकेल, पण परवानाधारक जागेत कुटुंबाने राहायचं नाही. आणि त्या जागेत दोन स्त्रिया आढळल्यास दुसरीलाही परवाना लागेल.”

“म्हणजे तिनं चहा प्यायला तर तिलाही धंद्याचा परवाना काढायचा.”

“ती केवळ प्रशासकीय बाब आहे.”

वरची समाजसेविकेकडे वळली. “ताई, तुम्ही सांगा. तुम्ही तर मला ओळखता.”

समाजसेविकेने तिच्याकडे फार मायेने पाहिलं. “तुमचा यात काडीचाही दोष नाही. तुम्ही पीडित आहात. तुम्हाला पिळून खाणारे, तुमच्या जिवावर जगणारे, ते खरे गुन्हेगार.”

“माझ्या जिवावर माझी पोरगीच जगते, ताई.”

“तेच तर वाईट वाटतं,” समाजसेविका म्हणाल्या. “सगळ्यात जवळच्या माणसाकडून.”

यानंतर तिघांमध्ये पाऊण तास चर्चा झाली. स्वातंत्र्य, शुचिता, बाजार, देह, राज्यसंस्था असे मोठाले शब्द खोलीभर फिरत राहिले. वरची भिंतीवरचं घड्याळ बघत बसली. तिला पाचच्या आत घरी जायचं होतं, कारण पाच वाजता लेक यायची आणि किल्ली एकच होती. शेवटी अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटलं.

“वाद घालण्याआधी वस्तुस्थिती हवी. अर्जदाराच्या कमाईवर नेमकं कोण कोण जगतं, त्याची पाहणी करून यादी सादर करावी. मुलीचं नाव त्यात आलं तर पुढे बघू.”

हे काम मोजणीदाराकडे गेलं. इथे समितीची एक चूक झाली. दुसऱ्या कोणत्याही खात्यातल्या माणसाने मुलीचं एक नाव लिहून संध्याकाळी अहवाल दिला असता. पण जमीन मोजणाऱ्या माणसाला एकच गोष्ट शिकवलेली असते: हद्दीचा दगड लागेपर्यंत मोजणीची साखळी ओढत राहायची. मध्ये कोणाचं घर आलं, कोणाचं कुंपण आलं, कोण शिव्या देतो, हे बघायचं नसतं.

मोजणीदार वरचीच्या खोलीत गेला. खोली दहा बाय बारा, मध्ये पडदा, पडद्याच्या अलीकडे लेकीचं टेबल आणि त्यावर मानवी हाडांचा तक्ता. त्याने विचारलं, “पैसे आले की पहिल्यांदा कोणाकडे जातात?”

“पोरीकडे नाही,” वरची हसली. “पोरगी शेवटी. उरलं तर.”

“शेवटचं शेवटी बघू. पहिल्यापासून सांगा.”

मग साखळी जी सुटली ती सुटली. पहिला घरमालक. या मजल्यावरच्या इतर खोल्यांच्या तिप्पट भाडं ही खोली देत होती, कारण ‘अशा’ बाईला खोली देणं हे जोखमीचं काम असतं. मालक कोण म्हणून कागद काढले, तर इमारत सदाचार मंडळाची निघाली. या भाड्यातून मंडळ धंद्याविरुद्धची पत्रकं छापत होतं. मग गल्लीचा हवालदार, जो दर शनिवारी कायदा न लावण्याबद्दल येऊन कायद्याची फी घेऊन जायचा. मग कोपऱ्यावरचा डॉक्टर, जो इतरांकडून घेतो त्याच्या दुप्पट घेऊन हात लावण्याआधी दोन-दोन हातमोजे चढवायचा. दुकानदार, जो तिला सुटे परत देताना हातात न देता काचेवर ठेवायचा, पण तिची नोट मात्र हातातच घ्यायचा. परिचर्या महाविद्यालय फी घेत होतं. पालिका कर घेत होती.

पुढे साखळी अनपेक्षित वळली. प्राध्यापकांनी या गल्लीवर तीन पुस्तकं लिहिली होती, दोनदा परदेशी जाऊन आले होते आणि वरचीची मुलाखत घेताना तिच्याच घरचा चहा प्याले होते. समाजसेविकेच्या संस्थेने वरचीची आजवर चार वेळा सुटका केली होती आणि प्रत्येक सुटकेमागे अनुदान होतं. चौथ्या सुटकेच्या वेळी वरचीने कोणी न सांगताच तोंडावर हात घेतला, कारण फोटोवाल्याला तसं लागतं हे तिला पाठ झालं होतं. अध्यक्ष बैठकीचा भत्ता घेत होते. ही बाई नसती तर कायदा नसता, कायदा नसता तर समिती नसती, आणि समिती नसती तर अध्यक्षांना घरी बसून सुनेची बोलणी खावी लागली असती.

एक्केचाळिसाव्या क्रमांकावर मोजणीदार थांबला. पेन ठेवलं, पाणी प्याला, पेन उचललं आणि लिहिलं: ‘प्रस्तुत अहवाल लिहिणारा. पगार याच कार्यालयातून.’

अहवाल समितीसमोर आला तेव्हा त्यात तीनशे बारा नावं होती. शेवटचा परिच्छेद असा होता: ‘सर्व संबंधित व्यक्ती अठरा वर्षांवरील असून अर्जदाराच्या कमाईवर पूर्णतः अथवा अंशतः जगत असल्याचे आढळले. आजमितीस निर्दोष व्यक्ती एकच, ती म्हणजे अर्जदाराची मुलगी, वय वर्षे सतरा, महिने अकरा. ही परिस्थिती एकवीस तारखेपर्यंतच लागू राहील.’

चिटणीसांनी आपलं नाव बोटाने झाकलं, जणू झाकल्याने पुसलं जाईल.

“मोजणीदार,” अध्यक्ष म्हणाले, “तुम्हाला मुलीची चौकशी सांगितली होती.”

“हो, साहेब. पण हद्द लागली नाही.”

“हद्द लावायची असते, शोधायची नसते. हे तुम्हाला त्या खात्यात शिकवलं नाही?”

“तिथे दगड असतो, साहेब.”

त्या दिवशी समितीने इतिहासात पहिल्यांदा जेवणाची सुट्टी घेतली नाही. चिटणीस म्हणाले, अहवाल जाळावा. समाजसेविका म्हणाल्या, जाळल्याची नोंद करावी लागेल. प्राध्यापक मात्र अभ्यासू माणूस. त्यांनी कायद्याचं पुस्तक मागवलं आणि कलम आठ मुळातून वाचायला घेतलं. ते कलम पानाच्या तळाशी संपत होतं असं सगळे समजून होते. प्राध्यापकांनी पान उलटलं. सात वर्षांत ते कोणी उलटलं नव्हतं. पलीकडे अर्धी ओळ उरली होती: ‘...मात्र तिने हे जाणूनबुजून केले असल्यासच.’

“जाणूनबुजून,” प्राध्यापक हळूच म्हणाले, आणि खोलीत खिडकी उघडल्यासारखं झालं.

बुडत्याला काडीचाही आधार पुरतो, इथे तर अख्खा ओंडका सापडला. ज्याला माहीत नाही तो गुन्हेगार नाही. मग ज्याने त्याने माहीत नसल्याचं लिहून द्यावं म्हणजे झालं. तासाभरात मसुदा तयार झाला: ‘मी, खाली सही करणार, शपथेवर लिहून देतो/देते की सदर स्त्री काय करते हे मला माहीत नाही.’ एका ओळीत तीनशे माणसं कायद्याच्या दाढेतून बाहेर. एवढी मोठी सुटका समाजसेविकेच्या संस्थेनेही कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रांग लागली. शहरातली झाडून सगळी प्रतिष्ठित माणसं त्या रांगेत होती आणि आपण इथे दुसऱ्याच कामासाठी आलोय असं एकमेकांना सांगत होती.

दुकानदाराने लिहून दिलं की ही बाई कोण हे त्याला ठाऊक नाही, म्हणूनच तो सुटे काचेवर ठेवतो. डॉक्टरांनी लिहून दिलं की ते रोग तपासतात, रोगी नव्हे. चिटणीसांनी लिहून दिलं की मंडळाच्या इमारतीला तिसरा मजला असल्याचं त्यांना माहीत नाही. हवालदाराने लिहून दिलं की ती गल्ली नेमकी कुठे आहे ते त्याला सांगता येणार नाही. समाजसेविकेने लिहून दिलं की चारही वेळा सुटका करताना ही दुसरीच कोणी तरी असल्याचा त्यांचा समज होता. प्राध्यापकांची थोडी पंचाईत झाली, कारण तीन पुस्तकं बाजारात होती. त्यांनी लिहून दिलं की पुस्तकांतील मजकूर माहितीवर आधारलेला नाही. समीक्षकांचं मत आधीपासून तेच होतं. अध्यक्षांनी लिहून दिलं की समिती कोणत्या विषयावर आहे हे त्यांना माहीत नाही, आणि त्या तीनशे बारा कागदांत कदाचित तो एकच खरा होता.

मोजणीदाराला सांगण्यात आलं की सही कर, नाहीतर भूमापन खात्यातही जागा उरणार नाही. त्याच्या घरीही दोन पोरी होत्या. त्याने सही केली. सही करताना त्याने कागदाकडे पाहिलं नाही. बायको बाहेर गेल्यावर लपून गोड खाणारा मधुमेही जसा भिंतीकडे बघत खातो, तसं त्याने केलं.

अठरा तारखेला त्याने वरचीला आणि तिच्या लेकीला बोलावून घेतलं. त्याला खरंच आनंद झाला होता.

“बाई, सुटलात. एक फॉर्म आहे. मुलीनं सही केली की संपलं. एकवीस तारखेला चहा पिऊ द्या, जेवू द्या, काय हवं ते करू द्या.”

वरचीने फॉर्म लेकीपुढे सरकवला. “कर सही.”

लेकीने वाचला. तिला शिकवलेलं होतं की कुठल्याही कागदावर तो दोनदा वाचल्याशिवाय सही करायची नाही, विशेषतः औषधाच्या. तिने तो दुसऱ्यांदा वाचला.

“आई, तू काय करतेस हे मला माहीत नाही, असं लिहिलंय.”

“मग? बरोबर आहे की. तुला माझं कुठे काय कळतं?”

“मी सात वर्षांची असल्यापासून मला माहीत आहे. तू मला खालच्या दुकानात बसवून वर जायचीस.”

“तेव्हा माहीत होतं, आता विसर. परीक्षेचं विसरतेस, मी दिलेलं काम विसरतेस, एवढंच कसं लक्षात राहतं?”

“थट्टा करू नको.”

“थट्टा कोण करतंय? दीड वर्ष गं बाई. एकदा नोकरीला लाग, मग दारावर पाटी लाव माझी, काय करते त्याची. मीच खिळा धरते.”

मोजणीदाराने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. “मुली, सगळ्यांनी केलीय. मोठमोठ्यांनी केलीय. मीसुद्धा.”

“तुम्ही आमच्या घरी येऊन सगळं लिहून नेलंत, काका. हाडांचा तक्ता बघून मला विचारलंत, गुडघ्याची वाटी कुठली म्हणून.”

मोजणीदाराने पेन टेबलावर ठेवलं आणि त्याची दिशा नीट करत बसला.

“तुझं काय जातं सही करायला?” वरचीचा आवाज आता चढला होता. “शाई त्यांची, कागद त्यांचा.”

“माझं काही जात नाही,” लेक म्हणाली. “तू जातेस.”

वरचीने तोंड फिरवलं. मग मोजणीदाराला म्हणाली, “लहानपणी खोटं बोलली म्हणून हिला मारलं होतं मी. त्या दिवशी माझा हात मोडला असता तर बरं झालं असतं.”

लेकीने पेन उचललं. ‘माहीत नाही’ यातलं ‘नाही’ एका सरळ रेघेने खोडलं, वर ‘आहे’ लिहिलं आणि खाली सही केली. खाडाखोड केली तर बाजूला सही करावी लागते असं तिला रुग्णालयात शिकवलं होतं. तिने तीही केली.

“असा पर्याय नाही,” मोजणीदार म्हणाला. “फॉर्म खराब झाला. दुसरा देऊ?”

“नको. हाच बरोबर आहे.”

एकवीस तारखेला सकाळी सात वाजता हवालदार आला. ज्या गल्लीचा पत्ता त्याला माहीत नव्हता त्या गल्लीत तो कोणालाही न विचारता आला. जिन्याची सातवी पायरी मोडकी आहे आणि नवखा माणूस तिथे हमखास अडखळतो. हवालदार अडखळला नाही. वर लेक टेबलाशी हाडांची नावं पाठ करत बसली होती आणि समोर कप होता. पंचनाम्यात ‘चहा, अर्धा कप, कोमट’ अशी नोंद झाली. पंच म्हणून खालच्या दुकानदाराला बोलावलं. त्याला जागा माहीत नसल्याने हाताला धरून वर आणावं लागलं.

“चहा मी केला,” वरची आडवी आली. “मी दिला, मी म्हटलं पी. मला न्या.”

“तुम्हाला कसं नेणार, बाई? तुम्ही पीडित आहात.”

“मग पीडितेचं ऐका.”

हवालदार विचारात पडला. त्याने वही चाळली. “तशी तरतूद नाही,” तो म्हणाला, आणि लेकीला म्हणाला, “चल पोरी. वही घेतलीस तरी चालेल.”

खटला एका दिवसात निकाली निघाला. सरकारी वकिलांनी तीनशे बारा प्रतिज्ञापत्रं टेबलावर रचली. ढीग इतका उंच झाला की पलीकडची आरोपी दिसेना, म्हणून थोडी बाजूला ठेवावी लागली. वकील म्हणाले, इतक्या सज्जनांना जे माहीत नाही ते केवळ या मुलीला माहीत होतं, यावरून तिच्या मनाची जडणघडण ध्यानात यावी. न्यायाधीशांनी विचारलं, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तरीही तू तिच्या हातचं खात होतीस?”

“माहीत होतं म्हणूनच खात होते.”

हे उत्तर शिक्षा वाढवण्यास पुरेसं होतं. पण वय लक्षात घेऊन सहाच महिने दिले. परिचारिका म्हणून नोंदणी मात्र नियमाप्रमाणे कायमची बंद झाली, त्यात दया दाखवण्याचा अधिकार न्यायालयाला नव्हता. न्यायालयाने खेद व्यक्त केला. खेदाला परवानगी लागत नाही.

आपल्या कमाईवर जगणाऱ्या व्यक्तीपासून मुक्त झाल्यामुळे वरचीची पाचवी सुटका झाली. ती सध्या सुधारगृहात आहे. तिथे तिला उशांचे अभ्रे शिवायला शिकवलं आहे. ते कोणी विकत घेत नाही, म्हणून संध्याकाळी उसवतात आणि सकाळी पुन्हा शिवायला देतात. भेटीच्या दिवशी ती तुरुंगाच्या दाराशी जायची परवानगी मागते. अर्ज विचाराधीन आहे, कारण शोषित व्यक्तीने शोषकाला भेटावं की नाही यावर समितीत तीन मतं आहेत.

समितीचा कायदा मात्र झाला, आणि एकमताने झाला. चिटणीस खूष, कारण धंदा कोणालाच माहीत नाही म्हणजे तो बंदच. प्राध्यापक खूष, कारण तपासणीची पद्धत आली. समाजसेविका खूष, कारण विकणारीला शिक्षा झाली नाही. जुन्या कायद्यात एकच भर पडली. माहीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र आता प्रत्येक प्रौढ नागरिकाने दरवर्षी भरायचं आहे.

यात एक तांत्रिक मुद्दा उरतो. ही हकिकत इथपर्यंत वाचलेल्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, आता सगळं माहीत झालेलं आहे. तो जिना, ती खोली आणि त्या खोलीच्या भाड्यावर कोणाची पत्रकं छापली जातात तेही. आधीही थोडंफार माहीत होतं म्हणता? ते इथे बोलू नका. कार्यालय दहा ते पाच उघडं असतं. फॉर्म फुकट आहे, ‘माहीत नाही’ आधीच छापलेलं असतं, तुम्ही फक्त सही करायची. रांग लांब दिसेल, पण भराभर सरकते. तिच्यात बरेचसे तुमच्या ओळखीचेच निघतील. त्यांनी ओळख दाखवली नाही तर मनाला लावून घेऊ नका.